रात्रीपुरता ठेवलेला चिखल

सरोज : कोराच चहा घे हं, ऋतिका. दूध शेजारी झुबेदाभाभींच्या फ्रिजमध्ये असतं, आणि त्या आज कुलूप लावून मुलीकडे गेल्यात.

ऋतिका : चालेल काकू. तुमचा फ्रिज बिघडलाय का?

सरोज : उत्तम चालतो. त्यात चिखल आहे.

गंगाधर : नमुने म्हणावं. आमोद नमुने म्हणायचा.

सरोज : बरं, नमुने. दोन वर्षं आमचं दूध-दही शेजारी आणि बाणकोटच्या खाडीचा तळ आमच्या घरात. गेल्या पावसाळ्यात पाणी चढायला लागलं, तर लोकांनी सोनं माळ्यावर नेलं. आमच्या हेडमास्तरांनी या चिखलाच्या बरण्या नेल्या. अख्खं महाड घरातला चिखल बाहेर काढतंय आणि हे...

गंगाधर : सोनं भिजलं तर बिघडत नाही.

ऋतिका : काका, लॅबमध्ये आम्ही धरूनच चाललो होतो, की आमोददादाबरोबर बरण्याही गेल्या. काकूंचा फोन आला तेव्हा कळलं.

गंगाधर : फोन तू केलास, सरोज?

सरोज : केला. परवा बरणी कानाला लावून बसला होतात. म्हटलं, आता पुरे.

गंगाधर : "बाबा, रात्रीपुरत्या राहू द्या, अंधारात आणि थंडीत," एवढं सांगून तो झोपला. सकाळी मोटारसायकल घेऊन निघाला आणि कशेडी घाटात ट्रक आला. त्यानंतर त्याची दुसरी काही सूचना आलेली नाही.

सरोज : अहो...

गंगाधर : चिखलातले हे बारीक जीव झोपलेत ना गं ऋतिका? मेलेले नाहीत ना?

ऋतिका : झोपलेत. दिवस वाईट आले, की भोवती कवच करून तळाला जातात. वरचं पाणी गाळलं तर मोजक्याच जाती मिळतात. बाकीच्या सगळ्या खाली चिखलात. दादाला वाटत होतं, यात एखादी अशी असेल, जी आपल्या खाडीत कुणी पाहिलेलीच नाही.

गंगाधर : मग बघा की कवचावरून.

ऋतिका : कवचं एकमेकांसारखीच दिसतात, काका. उजेड आणि ऊब देऊन उठवावं लागतं. बाहेर आला, की कळतं कोण होता.

गंगाधर : आणि उठल्यावर?

ऋतिका : काही वाढतात. बरेचसे थोडे दिवस जगतात.

गंगाधर : म्हणजे मरायलाच उठवायचं. नकोच. आहेत तिथे बरे आहेत. चहा घे, गार होतोय.

ऋतिका : फ्रिजमध्येही ते कायमचे टिकत नाहीत, काका. दर वर्षी थोडे थोडे जातात. बाहेरून कळत नाही. चिखल तसाच दिसतो.

गंगाधर : मला कुणी सांगितलं नाही हे.

ऋतिका : सांगणारा तोच होता.

गंगाधर : आत्ता... आत्ता आहेत का त्यात कुणी?

ऋतिका : उठवून बघितल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही.

(गंगाधर उठून फ्रिज उघडतात. बराच वेळ दार उघडंच राहतं.)

सरोज : माझी जुनी साडी देते. बरण्या गुंडाळून ने, रस्त्याला खड्डे फार आहेत.

गंगाधर : उजेड लागू नये म्हणून त्याने बरण्यांवर घातलेली काळी पिशवी काढू नकोस गं, पोचेपर्यंत.

ऋतिका : नाही काढणार.

गंगाधर : आणि तिकडे एकदम दिवा लावू नकोस. आमोदला उठवायचं झालं, तर मी आधी खिडकी थोडीशीच उघडायचो.