लाख दूर्वा आणि तळ्यावरच्या घुशी

…आणि वर लोक मलाच शिकवतात, की पद्मिनीबाई, एवढी किळस येते तर मारून टाका ना त्या घुशींना. अहो, मारून टाका काय? नवस गणपतीचा, दूर्वा गणपतीच्या, आणि त्या नासवणारं जनावर कोण? देवाचं वाहन, बोलायची सोय नाही.

थांबा, पहिल्यापासून सांगते. एक्क्याण्णव सालचा जानेवारी, आम्ही आखातात, कतीफला. आमचे हे, म्हणजे सदानंद… एरवी नाव घेत नाही मी, पण तुम्हाला कळायला हवं… तिथल्या दवाखान्यात रक्त तपासायचे. लढाई सुरू झाली, रजा बंद, पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे नोकरीवर आणणाऱ्या मालकाच्या कपाटात, खिडक्यांना चिकटपट्ट्या, आणि खुंटीवर गॅसचे दोन मुखवटे. सोंडेसारखी नळी पुढं आलेली! पहिल्यांदा पाहिला तेव्हा नकळत हात जोडले मी. भोंगा झाला की हे दवाखान्यात धावणार आणि मी घरात एकटी… मग मी काय करणार? बोलले नवस. ह्यांच्या केसाला धक्का लागू देऊ नकोस, लाख दूर्वा वाहीन.

आता वाळवंटात दूर्वा कुठली, असं तुम्ही म्हणाल. अहो, होती! घरामागं घरमालकाची खजुराची बाग, बागेत छोटंसं तळं, आणि तळ्याच्या मातीच्या बांधावर अशी लुसलुशीत हरळी, की पाहून डोळे भरून आले. रोज पहाटे खुडायची, तीन-तीन पानांची निवडायची, एकवीसच्या जुड्या बांधायच्या, आणि स्वयंपाकघरातल्या फडताळात, मसाल्याच्या डब्यांमागं देव बसवलेले, तिथं गुपचूप वाहायच्या, तिकडं मूर्तिपूजेला बंदी ना. शहाण्णव हजार झाल्या, तुम्हाला सांगते, शहाण्णव हजार!

आणि मग त्या आल्या. उंदीर नव्हेत, घुशीच. मांजराएवढ्या, ओल्या, चिकट, शेपट्या म्हणजे सोललेली गांडुळं. तळ्यात पोहायच्या हो! त्याच पाण्यात मी दूर्वा धुवायची आणि त्याच पाण्यात ह्या घुशींचं स्नान. बांधाला बिळं पाडली, पाणी झिरपून चाललं, हरळी पिवळी पडायला लागली, आणि उरलीसुरली मुळापासून कुरतडलेली, वर काळ्या लेंड्यांची रांगोळी. शी… पण देवाचं वाहन, बोलायची सोय नाही.

बागेचा माळी बदरुद्दीन, हैदराबादचा. तो म्हणाला, "अम्मा, ज़हर डालतूं. दो दिन में खलास." म्हटलं, नको रे बाबा, पिंजरा आण. पकडायचं आणि लांब सोडून यायचं. तर तो कपाळाला हात लावून, "पकडना है, मारना नईं है, फिर दावत कायकू नईं देते?"

आणि दिलीच की मी दावत! पिंजऱ्यात काय ठेवावं? सुकी मासळी मी हातात धरणार नाही, भाकरीच्या तुकड्याला त्या हुंगत नाहीत. शेवटी त्या दिवशी संकष्टी होती, म्हटलं धन्याला, गणपतीला, आवडतं ते ह्या वाहनांनाही आवडेल. ठेवला मोदक. तूप सोडून! सकाळी पाहते तर एका पिंजऱ्यात तीन, आणि बाहेर आणखी रांगेत.

हे म्हणाले, "दवाखान्यात जाता-जाता सोडतो." पिंजरा गाडीत ठेवला आणि असा भपकारा सुटला, असा सुटला, की ह्यांनी काय करावं? गॅसचा मुखवटा चढवला आणि निघाले. आता लढाईचे दिवस, नाक्यावर शिपाई उभे, समोरून गाडी येते आणि आत माणूस मुखवटा लावून बसलेला! शिपायांना वाटलं, गॅस आला. एक ओरडला, सगळ्यांनी मुखवटे चढवले, कुणी रेतीत पालथा, कुणी फोनवर. आणि आमचे हे खिडकीतून हात हलवून सांगतायत, "नो गॅस, नो गॅस," तेही नळीतून! आणि इकामा, तिथं राहायचा परवाना? इकामा घरी, दुसऱ्या शर्टाच्या खिशात.

बदरुद्दीन धापा टाकत आला, "अम्मा, साब कू पकडके ले गए." अरे देवा! ज्यांच्यासाठी लाख वाहायचे, त्यांना मीच हातानं पिंजरा देऊन पाठवलं. इकामा घेऊन त्याला पिटाळलं, आणि बांधावर बसले. चिखलात, लेंड्यांत, उरलेली एकेक काडी वेचत… किळस यायलासुद्धा सवड नव्हती.

चार वाजता गाडी आली. उतरले हे, धडधाकट! झालं असं, की तिथला एक शिपाई ह्यांनीच रक्त तपासलेला निघाला. त्यानं विचारलं, "ही घाण मारत का नाहीस?" आता खरं कारण तिथं सांगायची सोय आहे का? हे म्हणाले, "मदाम मारू देत नाही." तर सगळी चौकी हसली. म्हणे, मदाम मुदीर, म्हणजे घरात बाईच साहेब! मग यल्ला, जा घरी, पण जिथून आणलंस तिथंच परत ने.

म्हणजे पिंजरा परत. मी नाकाला पदर लावून आत पाहिलं तर… तीन गेल्या होत्या, दहा आल्या. चौकीत बाळंत झाली हो त्यातली एक! सात पिल्लं, गुलाबी, डोळे मिटलेली, जणू कच्ची भजी. पदर आणखी घट्ट धरला. आणि हे शांतपणे विचारतात, "मग? सोडून येऊ?"

बाळंतिणीला? सव्वा महिन्याच्या आत? आमच्याकडं नाही काढत कुणाला घराबाहेर. देवाचं वाहन, त्यातून ओली बाळंतीण, बोलायची सोय नाही. ठेवला पिंजरा पंपाच्या खोलीत. डिंकाचा लाडू मात्र दिला नाही, अगदी शपथ. शिरा दिला.

बिळांतून पाणी झिरपायचं ना, तिथं बांधापलीकडं नवी कोवळी दूर्वा फुटली. सात पाण्यांनी धुतली, नाक दाबून वाहिली, आणि लाख पुरे केले. फेब्रुवारी संपता-संपता लढाई थांबली, ह्यांच्या केसालाही धक्का नाही, खिडक्यांच्या पट्ट्या निघाल्या. मार्चात म्हटलं, आता हिचाही सव्वा महिना होत आला, जाऊ या घेऊन. पदर लावला, दार उघडलं…

दुसरी खेप. नऊ पिल्लं.

आता पुन्हा सव्वा महिना.