मामा आणि माझे ड्रॅगन

हसू नका, पण मी दोन ड्रॅगन पाळलेत. वॉटर ड्रॅगन म्हणतात त्यांना. हिरवीगार, वीतभर पिल्लं आहेत, काचेच्या पेटीत फांदीवर बसून असतात. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, पहिल्याच दिवशी निकाल दिला, "आपल्या सेलूत सरडे कमी होते का, सूनबाई?"

पिल्लं बशीतलं काहीच खाईनात. समोरचं खाणं हललं तरच ती तोंड लावतात, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. मग रविवारी वालूरला आमच्या शेतात गेले आणि कपाशीतून डबाभर नाकतोडे पकडले. मामांना ऐटीत दाखवायला नेले, तर त्यांनी झाकण उघडून सगळे सोडून दिले!

"मामा, दोन तास राबले मी!"

"कालच फवारलंय तिथं. हे खाऊन मरतील ना तुझी लेकरं!"

सरड्यांची लेकरं कधी झाली, हे मी विचारेपर्यंत मामा धोतर खोचून म्हशीच्या लसूणघासात शिरले, कारण तिथं आम्ही औषध मारत नाही. सत्तरीचा माणूस, उड्या मारमारून नाकतोडे धरत होता. संध्याकाळी पिल्लांनी ते गपागप खाल्ले.

परवा मी मामांबरोबर बाजारात गेले होते, तिथं कुणीतरी त्यांना विचारलं, "कपाशी कशी हाय?"

"कपाशीचं ऱ्हाऊ दे. आमच्या सुनेनं ड्रॅगन जगवलेत. लय नाजूक काम हाय ते."

मी लाजून खाली बघायला लागले, तेवढ्यात मामा छाती फुगवून म्हणाले, "अन् त्यांची वैरण माझ्याकडं हाय!"