हूक, कडी आणि मेहुणा

...आणि तरी हा माणूस जात नाही हो! मेहुणा माझा, बायकोचा धाकटा भाऊ. तुम्हाला सांगतो, दोन दिवसांसाठी म्हणून आला, माझं आजारपण बघायला, आणि राहिला. काही जण चिकटतात हो, चिकटतात!

आजारपण म्हणजे काय, तर आतड्याला सूज. आणि धंदा शिंप्याचा! गिऱ्हाईक हात वर करून उभं, माझी टेप त्याच्या छातीभोवती, आणि पोटात कळ... पळालो की नाही मी, टेपसकट! परत येतो तर गिऱ्हाईक तसंच, हात वर. बरं, हे एकदा होय? दिवसभर! दुकानाला कुलूप लागायची पाळी आली. बायको तोंड फिरवून रडायची, मला काय ते कळत नव्हतं?

शेवटी मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे राखणदार. त्यांच्या अंगावर हूक असतात, आणि आतड्यातल्या रक्तवाहिनीला आतून कड्या. हूक अडकला की पेशी थांबते, चिकटते, भिंतीतून आत शिरते. जंतू आले तर हे बरंच. पण तुमच्याकडे कारण नसताना कड्या वाढल्यात, आणि पेशी येतच राहतात."

म्हटलं, बाई, हूक मला सांगता? जन्म गेला माझा हूक लावण्यात! पण राखणीला आलात तर राखण करा नि निघा ना... नाही! आत बसायचं, पाय पसरायचे आणि घरालाच आग लावायची. मी हळूच सोबत आलेल्या मेहुण्याकडे बघितलं. चिकटतात हो, चिकटतात!

उपाय काय, तर सलाईनमधून औषध. ते थेट त्या हुकावर जाऊन बसतं. पेशी वाहत येते, कडी समोर, पण अडकवणार काय? जाते गुपचूप पुढे. ज्यानं कुणी हे शोधलं ना, त्याचे कपडे मी जन्मभर फुकट शिवीन.

पण लगेच गुण येतो थोडाच? आठवडेच्या आठवडे गेले. आणि तेवढे दिवस, खरं सांगतो, दुकान चालवलं कुणी? ह्या चिकट्यानं! मी पळालो की हा उठायचा, "दाजी, तुम्ही जा, टेप इकडे द्या," आणि माप पुरं करायचा. माप इतकं सैल की लोक अजून पँट एका हातानं धरून फिरतायत... पण गिऱ्हाईक एक तुटलं नाही. सलाईनच्या दिवशी खुर्चीशेजारी बसून राहायचा तोही हाच. कोण बसतं हो एवढं?

आता मी बरा आहे. अख्खी पँट एका बैठकीत शिवतो आणि माझ्याच डोळ्यांत पाणी येतं. परवा हा म्हणाला, "दाजी, आता निघतो. तेवढी माझी पँट शिवून द्या, घालून जाईन."

शिवली. इस्त्रीही केली. फक्त कमरेचा हूक लावायचा राहिलाय. रोज विचारतो बिचारा. समोर डबा भरून हूक पडलेत, आणि मी म्हणतो, संपलेत रे, उद्या आणतो... काय करणार? चिकटतात हो.