माळावरचं वळण

(भोगावतीच्या काठचं भाताचं रान. कापणी होऊन गेली आहे. धसकटांवर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या आहेत.)

पिराजी : ...आन हे खळं कुणी आखलं?

विश्वजित : खळं न्हवं आबा, ट्रॅक हाय. गो-कार्टच्या, बारक्या शर्यतीच्या गाड्यांचा, कायमचा. कोल्हापुरातनं पोरं येणार, बेळगावनं येणार. सोमवारी जेसीबी लागतोय.

पिराजी : मग असा गोल का? मळणीला बैलं हाकायचो आमी असं. तुज्या गाड्या काय दाणं पाडणार हाईत?

विश्वजित : आक्का, तू सांग की. कॉलेजात पोरांना फिजिक्स शिकवतीस, आज आज्ज्याला शिकव.

संयोगिता : आबांचं बरोबर आहे. नुसता गोल ठेवलास तर गाडी सारखी एकाच बाजूला वळणार. भार बाहेरच्या चाकांवर येणार आणि तिकडचे टायर आधी झिजणार.

पिराजी : बैलाचं बी तसंच. भाइरचा आदी दमतोय. अर्ध्या मळणीत अदलून बांधायचो.

संयोगिता : जपानमध्ये सुझुका म्हणून एक सर्किट आहे. तिथं रस्ता आठाच्या आकड्यासारखा केलाय. आपला आठ नव्हे, इंग्रजी. दोन वेटोळी आणि मधे पीळ. त्यामुळं वळणं उजवीही येतात, डावीही येतात.

पिराजी : आन त्या पिळात दोन गाड्या आडव्या आल्या मंजी?

संयोगिता : तिथं पूल आहे. एक रस्ता वरून, एक खालून.

पिराजी : मंजी खालचा वरच्यासाठी थांबत न्हाय?

संयोगिता : कुणीच कुणासाठी थांबत नाही.

पिराजी : आयला! डोकं हाय. कुणी केलं?

संयोगिता : एका मोटारसायकलच्या कंपनीनं. बासष्ट साली सुरू झालं. आखणी करायला हॉलंडहून माणूस आणला होता.

विश्वजित : आन जपानी माणूस भातच खातोय आबा, आपल्यासारखा. भात खाणाऱ्या देशानं ट्रॅक बांधला. आक्का, एवढं सांगितलंस, बास. चला, चहा घेऊया.

पिराजी : थांब रं. मग भाताच्या रानातच बांधला आसंल.

संयोगिता : आधी तसंच ठरलं होतं. सपाट जागा, भाताची खाचरं. पण मालकाच्या कानावर गेलं आणि तो चिडला. भाताची रानं मोडायची नाहीत म्हणाला. निदान कंपनी आपल्या इतिहासात तरी असं सांगते. मग ते डोंगराळ जागेत गेले.

विश्वजित : झालं! तुला गाडी पाठवून आणली ती याच्यासाठी?

संयोगिता : अर्धाच इतिहास हवा होता तर तसं फोनवर सांगायचंस. मी आलेच नसते.

पिराजी : भांडू नगासा. माजा सबूद गेलाय. हे रान दिलं मंजी दिलं.

संयोगिता : मला तेच कळत नाही, आबा. या बांधावर चप्पल घालून चढले म्हणून लहानपणी तुमचा धपाटा खाल्लाय मी. आणि हे रान तुम्ही बोलता बोलता देऊन टाकलंत. वर माळ नुसता पडून आहे. मुरूम आणि कातळ. तो का नाही दिलात?

पिराजी : माळाला पाणी न्हाय.

संयोगिता : ट्रॅकला पाणी कशाला?

पिराजी : वाट न्हाय धड.

संयोगिता : पलीकडच्या उसाचे ट्रॅक्टर मग उडत जातात?

पिराजी : चढउतार हाय गं. पोरगं म्हणतंय सपाट पायजे.

विश्वजित : सपाट पायजेच. पार्टनर माळ बघितला की पळून जातील.

संयोगिता : सुझुका चढउतारांमुळंच नावाजलंय, विशू. चढावर वेग कसा धरायचा, उतारावर ब्रेक कधी दाबायचा, चालवणाऱ्याचा कस तिथं लागतो. सपाट काय, बसस्टँडही असतो.

विश्वजित : सपाट? आपला स्टँड बघितलायस काय अलीकडं?

पिराजी : माळ मिळायचा न्हाय. इषय संपला.

संयोगिता : पण का, आबा?

विश्वजित : आक्का, गप की आता! पप्पा त्या माळावरच वारलेत. ठाऊक असून काय विचारतीस?

संयोगिता : गेले ते ठाऊक आहे. मी तिसरीत होते, तू रांगत होतास. गाडीतून पडले, एवढंच ऐकलं. कसे पडले ते या घरात आजवर कुणी बोललेलं नाही.

पिराजी : काय बोलायचं हाय त्यात?

संयोगिता : जे झालं ते.

पिराजी : ...बैलगाडीच्या शर्यतीचा सराव चाललाता. तुज्या बापानं, गुंडूनं, गाडी वरनं सोडली. चिंचंच्या खाली उतार हाय बग, तिथं वाट वळती. वरनं दिसत न्हाय. बैलं रोजची, त्यास्नी म्हाईत. गुंडू आपला उबा गाडीत, हात वर करून. बैलं वळली. त्यो सरळ गेला. खाली कातळ. इचारलंस म्हणून सांगितलं.

संयोगिता : हे मी दरवर्षी शिकवते, आबा. गाडी वळते, माणूस सरळच जातो. फळ्यावर बाण काढून दाखवते.

विश्वजित : आबा, मला वाटलं रान दिलासा मंजी ट्रॅक आवडला तुमास्नी.

पिराजी : कशाचा आवडतोय! तू थांबणाऱ्यातला न्हाईस एवढं कळलं. बापावर गेलायस. म्हटलं, पळायचंच हाय तर सपाटाला पळू दे. समोरचं दिसंल तरी. भात काय, इकत आणून खाऊ.

संयोगिता : सुझुकातल्या वळणांना नावं आहेत. एकाचं नाव चमचा, आकार तसा आहे म्हणून. आणखी एक आहे, त्याला एका मोटारसायकलवाल्याचं नाव दिलंय. सर्किट सुरू झालं त्याच वर्षी, शर्यतीत तो तिथं पडला.

पिराजी : गेला?

संयोगिता : नाही. फार भाजला, पण वाचला.

पिराजी : आन पडल्याल्याचं नाव ठिवलं? जितल्याल्याचं न्हाय?

संयोगिता : पडलेल्याचं.

पिराजी : कशापायी?

संयोगिता : ते कुठं लिहिलेलं मी वाचलं नाही. पण साठ वर्षं झाली, तिथं गाडी घालणारा प्रत्येक जण ते नाव ऐकूनच येतो.

पिराजी : ...विशा, फक्की संपली काय रं सगळी?

विश्वजित : अर्धं पोतं हाय.

पिराजी : टाक गाडीत. माळावर चल. चिंचंखालचं वळण लई आकसल्यालं हाय. ते रुंद करायचं.

संयोगिता : आणि वळणाच्या बाहेर मोकळी जागा सोडायची. कातळ फोडून तिथं वाळू भरायची, जाड थर. एखादा सरळ गेलाच तर वाळूत रुतून थांबेल.

पिराजी : थांबंल?

संयोगिता : गणित करून देते, किती लांब लागेल त्याचं. अंदाजानं नको.

विश्वजित : सोमवारचा जेसीबी पुढं ढकलतो. पार्टनरचं माझं मी बघतो. आबा... पप्पांच्या नावाची पाटी लावली तर चालंल? वळण संपलं की चिंचंची सावली हाय, लोक थांबतील, फोटो काढतील.

पिराजी : वळणाच्या आदी लाव. फुडं लावून कुणाच्या उपेगाची?