यंत्र निघण्याचा दिवस

विस्कॉन्सिनमधल्या त्या गॅरेजात मी पुस्तक उघडून ऐकत बसलो होतो. बरं नव्हे ते. बाजूच्या खुर्च्यांवर एक म्हातारा नवरा-बायको बसले होते; त्याला दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा झाली होती. फुंकर तपासूनच गाडी सुरू होऊ देणारं यंत्र आज त्याच्या गाडीतून निघणार होतं.

“लाइल, शेजारी सुटले बाई! रोज पहाटे फुंकता फुंकता तुझं ते गुणगुणणं!”

“यंत्रालाच तसं लागतं, व्हर्ना. पण तू खिडकीत का उभी असायचीस?”

“गाडी सुरू होते का ऐकायला. झाली की जीव भांड्यात पडायचा.”

“मग राहू देऊ का आणखी वर्षभर?”

“खरंच ठेवशील?”

“आत्ता सांगतो त्यांना.”

तिने त्याची बाही धरली.

“नको. काढून टाक. उद्या मी उशिरापर्यंत झोपणार आहे.”