कारणाचा रकाना

लिहून घ्या, पण माझं नाव गाळू नका. श्रीपादराव म्हणून लिहा, तारिहाळच्या कारखान्यात सगळे अण्णा म्हणायचे तेही लिहा. जन्म माझा धारवाडचा, केलगेरीचा. वडील शाळामास्तर, घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि उशिरा आलेल्या पोराला वडील एकच विचारायचे, कारण? कारण वहीत लिहिल्याशिवाय वर्गात घेत नसत. मला ती खोड तिथूनच लागली असावी.

बी.कॉम. झालो आणि तारिहाळला टाइम ऑफिसात चिकटलो. केशवापुरात घर केलं, रोज बसनं जायचं, हजेरी, रजा, पास, सगळं माझ्या हातात. साठी उलटली तरी मालकांनी सोडलं नाही, म्हणाले अण्णा, तुम्ही गेलात तर कागद कोण शोधणार. मला त्याचा फार अभिमान, काय सांगू तुम्हाला, बायको म्हणायची, मी माहेरी निघाले तरी तुम्ही पास मागाल. ती आता नाही. असती तर हे तिलाच सांगितलं असतं.

साथ ओसरल्यावरची गोष्ट. मालकांचा मुलगा बंगळूरहून शिकून आलेला, त्यानं कामगारांसाठी फोनवरचं ते ॲप आणलं. मन थाऱ्यावर नसेल, झोप नसेल, तर फोन उघडायचा, कंपनीनं दिलेला कोड घालायचा, पलीकडून समुपदेशक बोलणार, आपल्या भाषेत, पैसे कंपनी भरणार. कँटीनमध्ये सगळ्यांना उभं करून तो म्हणाला, कोण बोलतंय, काय बोलतंय, आम्हाला कळणार नाही आणि आम्ही विचारणार नाही. मी मागे उभा, मनात म्हटलं, नाव नाही, नोंद नाही, असं कुठं ऑफिस चालतं होय.

अळणावरकडचा परशुराम आमच्याकडे प्रेस मशीनवर होता. मराठी माणूस, कष्टाळू, तोंडातून शब्द निघायचा नाही. त्याचा धाकटा भाऊ साथीत गेला, तोंडही बघायला मिळालं नाही, तेव्हापासून झोप गेलेली. त्यानं कोड घेतला. गावात फोनला रेंज नाही, इथं एका खोलीत पाच जण राहायचे, बोलणार कुठं? म्हणून गुरुवारी तीन वाजता स्टोअरमध्ये खोक्यांच्या मागे बसून फोनवरच्या समुपदेशक बाईंशी बोलायचा. सुपरवायझर तोंडी सोडायचा. तीन गुरुवार झाले आणि माणूस जेवायला लागला हो, एकदा तर माझ्या टकलावर विनोद केला त्यानं, अण्णा, उन्हात उभे राहू नका, वेल्डिंगवाल्यांचे डोळे दिपतात. मी वरून रागावलो, आतून हसलो.

चौथ्या गुरुवारी मी म्हटलं, मशीन सोडायचं तर पास लागतो, नियम सगळ्यांना एकच. त्यानं पास लिहिला, कारणाच्या रकान्यात, खाजगी काम. मी म्हटलं, ड्युटीत खाजगी काम चालत नाही. त्यानं खोडून लिहिलं, तब्येत. मी म्हटलं, तब्येत म्हणजे काय, डॉक्टरची चिठ्ठी कुठं आहे? तो खाली बघत म्हणाला, अण्णा, तुम्हाला ठाऊक आहे की. मला ठाऊक होतं. तरी मी लाल पेन घेतलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, मानसिक उपचार. कन्नडमध्ये लिहिलं, सुपरवायझरला मराठी येत नाही म्हणून. आणि शब्द तर दोन्हीकडे एकच, मानसिक. त्या पासाच्या तीन प्रती, एक सुपरवायझरला, एक स्टोअरला, एक माझ्या फायलीत.

चहाच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या कारखान्याला ठाऊक झालं. बंदा नोडले मानसिक, आला बघ रे मानसिक. डबा खायला शेजारी कोणी बसेना, म्हणायचे, नको रे अप्पा, चावशील. पुढच्या गुरुवारी तो आला नाही. मीच हाक मारली, काय रे परशा, पास नको? तो म्हणाला, नको अण्णा, बरा झालो मी. आणि मी खूश झालो, काय म्हणावं मला, मी खूश झालो, एक पास वाचला म्हणून.

दीड महिन्यानं प्रेसमध्ये त्याची उजव्या हाताची दोन बोटं गेली. डोळा लागला होता त्याचा, उभ्या उभ्या. चौकशी झाली, मशीन ठीक, मग चूक कोणाची? अहवाल मी लिहिला. कामगाराचे दुर्लक्ष. एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. कोणी मागितला नव्हता, पण मी फाईल उघडून तो पास काढला आणि वर जोडला, आणि खाली लिहिलं, सदर कामगाराने मानसिक आजार लपवून मशीनवर काम केले. लपवलं कोणी हो? लपवायला मी जागा कुठं ठेवली होती? त्याला घरी पाठवलं. मालकांचा मुलगा म्हणाला, अण्णा, तुमचा कागद पक्का आहे.

मी गेल्या वर्षी काम सोडलं. बायको गेली त्यानंतर झोप माझीही गेली. मुलगी पुण्याला असते, तिनं माझ्या फोनमध्ये असंच एक ॲप घातलं, बाबा बोला जरा. त्यानं नाव विचारलं. मी खोटं नाव घातलं. केशवापुरात कोणाला कळलं तर? सत्तरी ओलांडलेला माणूस मी, बंद खोलीत एकटा, आणि तरी उठून दाराची कडी लागली का बघितलं. तेव्हा परशुराम मला समजला.

अळणावरकडे गेलो, घर शोधलं. त्याची बायको दारात आली, म्हणाली ते झोपलेत. आत खोकला ऐकू आला. मी म्हटलं, वहिनी, माफी मागायला आलोय. ती म्हणाली, माफीचं काय करू? ते फोनवरच्या बाईंशी बोलायचे ते बरं होतं, नोकरी गेली तसा कोड बंद झाला, तो मिळेल का तेवढं बघा, आता माळाच्या टेकावर रेंज येते.

परत येऊन मी मालकांच्या मुलाला पत्र दिलं. अहवाल खोटा, पास मी भरायला लावला, दुर्लक्ष माझं. तो म्हणाला, अण्णा, जुनं कशाला उकरता, तो आता आपला कामगार नाही. मी म्हटलं, तो का नाही तेच लिहिलंय, वाच. चार वेळा गेलो, बाकावर बसून राहिलो. त्यानं अहवाल काही बदलला नाही, परशुरामला कामावरही घेतलं नाही. कोड तेवढा चालू करून दिला, वर्षभरासाठी.

त्याच्या बायकोचा फोन आला, कोड लागला म्हणून. गुरुवारी तो टेकावर जातो की नाही, गेला तर काय बोलतो, माझ्याबद्दल काही बोलतो का, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. विचारणारही नाही. देव त्याला झोप देवो.