शिवी खायला कोक-कोलवर

…आणि वर मलाच विचारतात, "अक्साकाल, सरोवर कसं वाटलं?" अरे, कसं वाटायचं? पाणी ते! निळं, गार, दात ठणकतील असलं... ना मासा, ना काठाला गवत, मेंढरूसुद्धा तोंड लावणार नाही! ते बघायला बिश्केक शहरातून पोरी येतात, पाठीवर घराएवढं ओझं, हातात काठ्या, पायांना फोड, आणि वर पोचल्या की म्हणतात, "आहाहा!" मी आहाहा करायला नव्हतो गेलो. मी शिवी खायला गेलो होतो.

हसू नका, तुम्हाला सांगतो, ऐका. माझा कुर्दाश ओसमोनाली वसंतात गेला. आमच्यात बारा सालांना बारा जनावरांची नावं; मी मेंढीच्या सालातला, तोही मेंढीच्या सालातला, आणि कुर्दाशाला, म्हणजे आपल्या बरोबरीच्याला, सगळी मुभा! लग्नात, मयतात, भर बाजारात वाटेल ते तोंडावर बोलावं, आणि दुसऱ्यानं रागवायचं नाही, दुप्पट परत करायचं. जन्मभर रोज सकाळी कुंपणावरून त्याची हाक, "काय रे काल्मुरात, मेला नाहीस अजून? म्हणजे आजपण तुझं थोबाड बघणं आलं!" मग मी त्याच्या नाकापासून त्याच्या घोड्याच्या शेपटीपर्यंत सगळ्याचा उद्धार करायचो, आणि मग चहा गोड लागायचा हो! तो गेला, गावात मेंढीच्या सालातला मी एकटा उरलो. आता मी अक्साकाल, म्हणजे पांढऱ्या दाढीचा वडीलधारा; नुसता आदर! "अक्साकाल, वर बसा." "अक्साकाल, पहिला घास तुमचा." काहीही बोललो की सगळे माना हलवतात. एकदा मुद्दाम म्हटलं, घोड्याला शिंगं असतात. हलवल्या माना! सूनबाई मला अता म्हणते, म्हणजे बाबा; तीसुद्धा म्हणाली, "बरोबर आहे, अता." आदर काय हो, कबरीलाही मिळतो!

तर एक लोकरीचे नमदे विकणारा सांगून गेला, वर कोक-कोल सरोवराच्या काठी नातवाच्या तंबूत एक म्हातारा उन्हाळ्याला आलाय, चोरोबेक नावाचा, मेंढीच्या सालातला, आणि जीभ अशी की ऐकून खेचर लाजावं! झालं! माझ्या अंगात वारं शिरलं. सुनेला म्हटलं, सरोवर बघायला जातो. ती रडकुंडीला आली, "अता, तुमचे गुडघे!" गुडघ्यांना विचारतंय कोण?

निघालो. घोडीवर बसून वाटभर शिव्या जुळवत होतो, एकेक घासूनपुसून! वाटेतल्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर रखवालदार मला बघून ताडकन उभा, छातीवर हात, "अक्साकाल, तुम्हाला कसलं तिकीट? चहा घ्या!" मी म्हटलं, "घोडी तुझ्या फुलांत घालू?" तर म्हणतो, "घाला ना, अक्साकाल." आता काय डोकं फोडायचं? पुढे बर्फानं लोटून आणलेल्या दगडांचा चढ लागला, घोडी म्हणाली मी नाही येत, तिला बांधली आणि चालत निघालो, तर त्या पोरी भेटल्या. "आजोबा, काठी धरा. आजोबा, चॉकलेट खा. आजोबा, एक फोटो! तुम्ही अगदी डोंगरासारखे दिसता!" डोंगरासारखा! ओसमोनाली असता तर म्हणाला असता, "हो, दरड कोसळून गेल्यावरचा!" पण म्हणणार कोण? आदर काय हो, कबरीलाही मिळतो!

खिंडीवर पोचलो आणि खाली ते सरोवर... खरं सांगतो, थबकलो. एवढं मोठं, एवढं निळं, आणि हूं नाही की चूं नाही. पलीकडून बर्फाचा एखादा कडा सुटतो, धप्प, आणि पुन्हा सगळं गप्प. मला माझी खोली आठवली.

खाली काठावर एकच तंबू. मी जवळ गेलो, छाती फुगवली आणि ओरडलो, "ए चोरोबेक! खरजुल्या बोकडा! बाहेर ये, का नातसुनेनं तुला खुंट्याला बांधून ठेवलंय?"

आतून आवाज आला, काय आवाज! "आलास का रे, गाढवाच्या शेपटा!" आणि पडदा सारून बाहेर आला... देवा! पाठीचं धनुष्य झालेलं, भुवयासुद्धा पांढऱ्याफेक. मला बघितलं आणि त्याचं हसू अर्ध्यावरच थांबलं. "दाढीत काळे केस आहेत तुझ्या," म्हणाला. "साल कुठलं तुझं?"

"मेंढीचं."

"कुठली मेंढी?"

आता सालं बाराच, ती फिरून फिरून येणार! तो माझ्या आधीच्या मेंढीचा. बारा वर्षांनी मोठा! आणि मी त्याला खरजुला बोकड म्हटलेलं! माझा हात आपोआप छातीवर गेला, मान खाली, "असलामालेकुम, अक्साकाल." मी! माझ्याच तोंडानं!

म्हातारा मटकन बसला. "तो नमदेवाला मलाही सांगून गेला होता," म्हणाला, "खालच्या गावात मेंढीच्या सालातला एक आहे, तोंडाचा फाटका, येईल बघ. रोज खिंडीकडे डोळे लावून बसलोय रे."

नातसुनेनं किमिझ आणून ठेवलं, घोडीचंच दूध पण चांगलं आंबलेलं. प्यायलो. मग तोच म्हणाला, "असं कर, बारा वर्षं सोडून दे. इथं कोण बघतंय? दे शिवी." मी तोंड उघडलं... जिभेवर एक येईना! एवढ्या घासूनपुसून आणलेल्या, गेल्या कुठं? शेवटी उठून उभा राहिलो, छातीवर हात ठेवला, "अक्साकाल, राग मानू नका, पण आपण बोकड आहात."

"ही शिवी आहे की लग्नाचं आमंत्रण?" म्हणाला. "थांब, मी देतो!" त्यानं दम घेतला, डोळे वटारले, "अरे तू... तू... आधी कान झाक तुझे! या वाऱ्यात कोणी असं बसतं का?" आणि तुम्हाला सांगतो, मी सत्तरीचा बाप्या, मुकाट गळपट्टा काढून कानांना गुंडाळला!

मागून त्या पोरी कुजबुजतायत, "बघ ना, दोन अक्साकाल, किती शांत बसलेत!" शांत! आदर काय हो, कबरीलाही...

निघताना त्यानं दोन्ही तळवे उघडले. आधी सरोवराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आशीर्वाद दिला, "माझ्याहून जास्त जग, पोरा! शंभरी पार कर!"

म्हणजे अजून तीस वर्षं नुसता आदर! जन्मात इतकी जहाल शिवी मला कोणी दिली नव्हती. आणि मी काय केलं? तोंडावरून हात फिरवले आणि म्हटलं, "ओमीन, असंच होवो." मोठ्यांपुढे उलट कसं बोलणार?